वाचकांचे अर्थप्रश्न : रूळ एकाचे, बाजार अनेकांचा

गेल्या अंकात स्पर्धा धोरण आणि रेल्वेचे नियमन या विषयांत आयुष्य घालवणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांविषयी एक छोटे टिपण लिहिले होते. त्यावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. माझे बालपण सोलापुरात रेल्वे लाइन्स भागात गेले. पुढची नोकरी भाडेविषयक समित्यांसाठी टिपणे तयार करण्यात आणि स्पर्धा कायद्याखालच्या प्रकरणांचे आर्थिक विश्लेषण लिहिण्यात गेली. त्यामुळे ही पत्रे मला फार जवळची वाटली.

प्रश्न : मी अर्थशास्त्रात एम.ए. करत आहे. स्पर्धा धोरण म्हणजे मक्तेदारीला आळा घालणे, आणि रेल्वे तर स्वतःच मक्तेदारी. मग एकच माणूस या दोन्ही विषयांचा अभ्यासक कसा होतो? आणि तो रोज नेमके काय काम करतो? (एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : हे दोन विषय एकाच घरात जन्मले आहेत, हे प्रथम सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची तक्रार अशी होती की, ज्या गावाला एकच रेल्वे लागते त्या गावाहून थोड्या अंतरासाठी जे भाडे पडते, ते दोन कंपन्या पोहोचत असलेल्या शहराहून त्याच मार्गावरच्या लांब अंतराच्या भाड्यापेक्षाही जास्त असते. या असंतोषातून १८८७ मध्ये आंतरराज्य व्यापाराचा कायदा झाला आणि रेल्वेचे दर तपासणारा आयोग नेमला गेला. तीनच वर्षांनी, १८९० मध्ये, शेरमन कायदा आला. मक्तेदारीविरोधी कायद्यांचा हा पूर्वज म्हणता येईल. गंमत अशी की त्या कायद्याखालचे पहिले गाजलेले खटलेही रेल्वेचेच होते. १८९७ मध्ये मिसुरी नदीपलीकडच्या रेल्वे कंपन्यांनी मिळून दर ठरवण्यासाठी केलेला संघ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला, आणि १९०४ मध्ये नॉर्दर्न सिक्युरिटीज ही प्रतिस्पर्धी रेल्वे कंपन्यांना एका छत्राखाली आणणारी कंपनी मोडायला लावली. म्हणजे दर तपासणारा नियामक आणि संगनमत मोडणारा कायदा, दोघांनीही आपले पहिले धडे रुळांवरच गिरवले.

या दोन्ही कामांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो अगदी साध्या मराठीत विचारता येतो : गिऱ्हाइकाला दुसरी वाट आहे का? दुसरी वाट असेल तर ती कोणी बुजवू नये, हे पाहणे म्हणजे स्पर्धा धोरण. दुसरी वाट नसेल आणि ती काढणेही परवडण्यासारखे नसेल, तर असलेल्या एकमेव वाटेच्या मालकाला त्याच्या भावाबद्दल बाहेरच्या कोणीतरी जाब विचारणे म्हणजे नियमन. मुंबई ते सोलापूर लोहमार्गाशेजारी दुसऱ्या कंपनीने दुसरा लोहमार्ग टाकला, तर दोघांचाही खर्च निघणार नाही. रूळ ही गोष्ट एकाच्याच हाती राहणे स्वाभाविक आहे. परंतु त्या रुळांवरून डबे कोणाचे धावावेत, त्या मालाला ट्रकचा पर्याय आहे का, प्रवाशाला एस.टी.चा पर्याय आहे का, हे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरे प्रत्येक मालाला, प्रत्येक मार्गाला वेगळी येतात. ती सीमारेषा आखणे हेच अर्थशास्त्रज्ञाचे रोजचे काम. त्यातला बहुतेक वेळ भाड्याचे तक्ते, वाघिणींचे आकडे, बीजके, निविदा आणि जुनी टिपणे वाचण्यात जातो.

ही सीमा आखण्यासाठी एक कसोटी जगभर वापरतात. एखाद्या सेवेवर एकाचीच सत्ता आहे असे समजायचे आणि त्याने भाव पाच ते दहा टक्क्यांनी वाढवून तसाच ठेवला तर काय होईल, हे तपासायचे. गिऱ्हाइके एवढ्या संख्येने दुसरीकडे गेली की वाढ अंगलट आली, तर बाजार आपण समजलो त्यापेक्षा मोठा आहे. गेली नाहीत, तर बाजार तेवढाच आहे आणि त्यात तो मालक प्रभावी आहे.

सोलापुरातलीच दोन उदाहरणे घेते. टेरी टॉवेलच्या गाठी न्हावाशेवा बंदराकडे पाठवणाऱ्या कारखानदाराला रेल्वेने भाडे दहा टक्क्यांनी वाढवले, तर तो त्याच संध्याकाळी हुंडेकऱ्याला फोन करून ट्रक मागवील. त्याच्या बाबतीत रेल्वे ही अनेक दुकानांपैकी एक दुकान आहे. आता फताटेवाडीच्या एनटीपीसीच्या वीज प्रकल्पाकडे पाहा. त्याची क्षमता १,३२० मेगावॉट आहे. एका युनिटला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो असे धरले, तर पूर्ण क्षमतेने चालताना दिवसाला वीस हजार टनांच्या आसपास कोळसा हवा. एका रेकमधून (म्हणजे पूर्ण मालगाडीतून) सुमारे ३,८०० टन येतो, म्हणजे पाच-सहा रेक पुरतात. हाच कोळसा पंचवीस टनी ट्रकने, दूरच्या खाणीतून आणायचा म्हटले, तर रोज आठशेहून अधिक ट्रक रिकामे करावे लागतील. तेव्हा या गिऱ्हाइकाला दुसरी वाट कागदावर आहे, प्रत्यक्षात नाही.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी हीच चूक केली होती. दुसऱ्या एका वीज केंद्राविषयीच्या टिपणात ‘राष्ट्रीय महामार्ग उपलब्ध असल्याने स्पर्धा आहे’ असे वाक्य मी लिहून टाकले. वरिष्ठांनी त्या वाक्याखाली रेघ मारून एवढेच विचारले, ‘रोज किती ट्रक?’ तो प्रश्न पुढे मी प्रत्येक प्रकरणात स्वतःला विचारत आले.

या कसोटीत एक फसवी जागा आहे, ती विद्यार्थ्यांनी अवश्य ओळखावी. मक्तेदाराने भाव आधीच चढवून ठेवला असेल, तर आणखी दहा टक्के वाढल्यावर गिऱ्हाइके निकृष्ट पर्यायांकडेही पळतात, आणि मग वरवर पाहता स्पर्धा भरपूर दिसते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये सेलोफेन कागदाच्या प्रकरणात असाच निष्कर्ष काढला आणि त्यावर अर्थशास्त्रज्ञ आजपर्यंत टीका करत आहेत. म्हणून केवळ ‘लोक दुसरीकडे जातात का’ एवढे विचारून भागत नाही. ‘कोणत्या भावाला जातात’ हेही पाहावे लागते.

एखादी कारकीर्द दाखवा असे तुम्ही म्हणाल, तर डॅरियस गॅस्किन्स यांची आठवते. ते अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनमध्ये, म्हणजे तेथील स्पर्धाविषयक आयोगात, अर्थशास्त्र विभागाचे प्रमुख होते, नंतर विमान वाहतूक मंडळात गेले, आणि १९८० मध्ये स्टॅगर्स कायदा झाला तेव्हा रेल्वेचे दर ठरवणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते. त्या कायद्याने बहुतेक मालाचे दर रेल्वे कंपन्यांवर सोडले, पण ज्या गिऱ्हाइकांना दुसरी वाट नाही त्यांच्यासाठी दार उघडे ठेवले. आजही तेथे भाडे हे त्या वाहतुकीच्या बदलत्या खर्चाच्या (माल वाढला की वाढणाऱ्या खर्चाच्या) १८० टक्क्यांहून अधिक असेल आणि रेल्वेचे प्रभुत्व सिद्ध झाले, तरच नियामक त्या दराला हात घालतो. स्पर्धा आणि नियमन यांची शिवण इतक्या नेमकेपणाने घातलेला दुसरा नियम मला माहीत नाही. पुढे गॅस्किन्स बर्लिंग्टन नॉर्दर्न या रेल्वे कंपनीचे अध्यक्ष झाले. नियामकाने ज्या उद्योगावर देखरेख केली त्याच उद्योगात मोठ्या पदावर जावे का, याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. त्याचा उल्लेख शेवटच्या पत्राच्या उत्तरात येईल.

ब्रिटनमध्ये तर दोन्ही कामे एकाच कार्यालयात आहेत. तेथील रेल्वे नियामकाला रेल्वेपुरते स्पर्धा कायद्याचेही अधिकार आहेत. २००६ मध्ये या नियामकाने कोळशाच्या वाहतुकीत प्रभुत्वाचा गैरवापर केल्याबद्दल इंग्लिश वेल्श अँड स्कॉटिश या मालवाहू रेल्वे कंपनीला ४१ लाख पौंडांचा दंड केला. रूळ दुसऱ्याचे होते, गाड्या चालवणाऱ्या कंपन्या अनेक होत्या, तरीही वीज केंद्रांच्या कोळशाच्या बाबतीत एक कंपनी इतरांची वाट अडवू शकली. फताटेवाडीचे उदाहरण मी उगाच घेतले नाही.

प्रश्न : आमचा टॉवेलचा छोटा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. सुताचे भाव सगळे व्यापारी एकाच दिवशी वाढवतात, ट्रकचे भाडेही सगळीकडे एकदम वाढते. हे संगनमत नाही का? आम्ही तक्रार करू शकतो का? (एक कारखानदार, सोलापूर)

उत्तर : तक्रार आपण करू शकता, परंतु ‘एकाच दिवशी भाव वाढले’ एवढ्या आधारावर ती टिकणार नाही. कापूस महागला की सगळ्यांचे सूत महागते, डिझेल वाढले की सगळे ट्रकवाले भाडे वाढवतात. त्यासाठी कोणी कोणाशी बोलण्याची गरज नसते. कायद्याला हवी असते संगनमताची खूण : बैठक, संदेश, दरपत्रक, एकमेकांचे गाव न घेण्याचा करार, किंवा एरवी ज्याचा अर्थ लागणार नाही असे वर्तन. डिझेल उतरल्यावरही सर्वांचे भाडे तसेच राहिले, नवा ट्रकवाला कमी भाड्यात माल घेऊ लागताच त्याला माल मिळेनासा झाला, अशा गोष्टींची तारीखवार नोंद ठेवा. अर्थशास्त्रज्ञ नेमके याच दोन शक्यता वेगळ्या करत बसतो. खर्चाच्या आलेखावर भावाचा आलेख ठेवला की बरेचदा खरी गोष्ट समोर येते, पण प्रत्येक वेळी येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आपल्याकडे १९६९ चा मक्तेदारीविषयक कायदा मोठ्या आकाराकडेच संशयाने पाहणारा होता. स्पर्धा धोरणावरच्या राघवन समितीने २००० मध्ये अहवाल दिला, स्पर्धा कायदा २००२ चा झाला, पण संगनमत आणि प्रभुत्वाचा गैरवापर यांविषयीची त्याची कलमे २० मे २००९ पासून लागू झाली. संगनमत सिद्ध झाले तर प्रत्येक वर्षासाठी नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या दहा टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेवढा दंड होऊ शकतो. सिमेंट कंपन्यांना भारतीय स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड केला. तो आदेश सुनावणीच्या पद्धतीतल्या दोषामुळे अपिलात रद्द झाला आणि आयोगाला २०१६ मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला. तेव्हा धीर धरण्याची तयारी ठेवूनच अर्ज करावा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर घटनेपासून तीन वर्षांच्या आत माहिती (म्हणजे तक्रार) दाखल करणे अपेक्षित आहे, त्यामुळे नोंदी ठेवण्यात आळस करू नये.

रेल्वेशी संबंधित एक प्रकरण या संदर्भात शिकण्यासारखे आहे. डब्यांसाठी लागणाऱ्या पंख्यांच्या व विजेच्या सामानाच्या निविदांमध्ये काही पुरवठादारांनी आपसांत दर आणि वाटे ठरवले होते. त्यांच्यापैकीच एकाने आयोगापुढे येऊन माहिती दिली. जानेवारी २०१७ च्या आदेशात त्याचा दंड ७५ टक्क्यांनी कमी झाला. कटातल्या भागीदाराने आधी कबुली दिली तर सूट देण्याची ही तरतूद आपल्याकडे प्रथमच त्या प्रकरणात वापरली गेली. प्रवासी म्हणून आपण ज्या पंख्याखाली बसतो त्याच्या किमतीतही संगनमत शिरू शकते, आणि तो भुर्दंड शेवटी तिकीट काढणाऱ्यावर किंवा कर भरणाऱ्यावर येतो.

आता एक गोष्ट आपल्यालाच उद्देशून, आणि ती वाचताना राग मानू नये. ‘चादर अमुक भावाच्या खाली कोणी विकायची नाही’ असा ठराव कारखानदारांच्या संघटनेने केला, तर तेही संगनमतच आहे. लहान उद्योगाचा, मंदीचा किंवा अडचणीचा मुद्दा दंड कमी करताना विचारात येईल, पण ठराव कायदेशीर ठरणार नाही. औषध विक्रेत्यांच्या संघटनांवर आयोगाने अशा कारणांसाठी कारवाई केलेली आहे. मात्र कायद्यात निर्यातीसाठी स्पष्ट सूट आहे. केवळ निर्यातीपुरते उत्पादन, पुरवठा किंवा वितरण यांविषयी आपसांत करार करता येतो. सोलापुरी टॉवेल परदेशी जातो, तेव्हा तेथील मोठ्या खरेदीदारासमोर एकत्र उभे राहण्याचा मार्ग आपल्याला खुला आहे. सोलापुरात या सुटीची चर्चा मी फारशी ऐकलेली नाही, ती व्हायला हवी. फक्त त्या बैठकीत देशांतर्गत भावाचा विषय काढू नका, आणि इतिवृत्त नीट लिहून ठेवा.

प्रश्न : मी कुर्डुवाडी येथून निवृत्त झालेला रेल्वे कर्मचारी. आमचे आजोबा बार्शी लाइटमध्ये होते. तेव्हा कंपनी भाडे ठरवत असे, आता सरकार ठरवते. विजेला, टेलिफोनला नियामक आहे, मग रेल्वेला का नाही? (एक ज्येष्ठ वाचक, कुर्डुवाडी)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली, आणि १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती विकत घेतली. अडीच फुटी रुळांच्या त्या गाडीने वारकरी आणि कापूस दोन्ही वाहिले. परंतु कंपनीच्या काळातही भाडे सर्वस्वी कंपनीच्या मर्जीवर नव्हते. सरकार कमाल आणि किमान दर ठरवून देई आणि कंपनी त्यांच्या मधे आपले दर बसवी. तक्रार तेव्हाही होतीच. रेल्वेचे दर बंदराकडे जाणाऱ्या कच्च्या मालाला सवलतीचे आणि देशातल्या देशात फिरणाऱ्या पक्क्या मालाला चढे असतात, हे आपल्याकडच्या अर्थचिंतकांनी एकोणिसाव्या शतकापासून मांडले. १८९७ मध्ये भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना गोखल्यांना आकडेवारीचे साहाय्य करणारे रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे त्यांतलेच. सरकारी शाळेतली नोकरी सांभाळून रेल्वे धोरणावर लिहिणाऱ्या या गृहस्थांचे वास्तव्य काही काळ सोलापुरातही होते. माझ्या दृष्टीने या व्यवसायाची मराठी परंपरा तेथून सुरू होते. पुढे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांच्या पुण्यातील गोखले संस्थेने १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतील मोटार-बस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली. रेल्वेला दुसरी वाट निर्माण होत असताना ती मोजण्याचाच तो प्रयत्न होता.

आपला मुख्य प्रश्न नियामकाचा. विल्यम ॲकवर्थ हे रेल्वेच्या अर्थशास्त्राचे त्या काळचे मोठे जाणकार. भारतातल्या रेल्वेविषयी त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९२०-२१ मध्ये दोन मोठ्या गोष्टी सुचवल्या. रेल्वेचा हिशोब सरकारच्या हिशोबापासून वेगळा करावा, ही त्यातली एक. ती १९२४ मध्ये अमलात आली आणि २०१७ मध्ये रेल्वेचा अर्थसंकल्प पुन्हा मुख्य अर्थसंकल्पात मिसळला. दरांच्या तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे, ही दुसरी. त्या जागी १९२६ मध्ये केवळ सल्ला देणारी समिती आली, खरे न्यायाधिकरण १९४९ मध्ये आले. मालभाडे अवाजवी आहे किंवा एका व्यापाऱ्याला झुकते माप दिले आहे, अशा तक्रारी तेथे करता येत. २०१७ मध्ये तेही रेल्वे दावे न्यायाधिकरणात विलीन झाले. २०१५ मध्ये बिबेक देबरॉय या अर्थशास्त्रज्ञांच्या समितीने कायद्याने स्थापन केलेला स्वतंत्र नियामक सुचवला, एप्रिल २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने रेल्वे विकास प्राधिकरणाला मंजुरी दिली, पण त्याची भूमिका शिफारस करण्याची होती. १९८९ च्या रेल्वे कायद्याखाली भाडे ठरवण्याचा अधिकार आजही केंद्र सरकारकडेच आहे.

यातला विरोधाभास मला अस्वस्थ करतो. अपघातांच्या चौकशीचे आणि नव्या मार्गाला सुरक्षिततेचा दाखला देण्याचे काम आपण १९४१ पासून रेल्वे बोर्डाच्या हाताखालून काढले. रेल्वे सुरक्षा आयुक्त आज नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. गाडी चालवणाऱ्याने स्वतःच स्वतःची परीक्षा घेऊ नये, हे तत्त्व सुरक्षिततेत आपण मान्य केले आहे. भाड्याच्या बाबतीत ते मान्य करायला अजून तयार नाही.

स्पर्धा कायदा मात्र रेल्वेला लागू आहे. कंटेनर गाड्या चालवण्यासाठी २००६ पासून खाजगी कंपन्यांना परवाने मिळू लागले, आणि त्यातल्या एका कंपनीच्या तक्रारीवरून रेल्वे मंत्रालयाने आयोगाच्या अधिकारालाच आव्हान दिले. गाड्या चालवणे हे सार्वभौम (केवळ राज्यसत्तेनेच करायचे) कार्य नसून उद्योग आहे, म्हणून मंत्रालय आयोगाच्या कक्षेत येते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले. तक्रारीत पुढे आयोगाला दोष आढळला नाही, तरीही दार उघडे आहे हे ठरले, आणि माझ्या मते त्याचे महत्त्व अधिक.

रेल्वेच्या तिकिटावर काही वर्षांपूर्वी एक ओळ छापली जाऊ लागली : प्रवाशांच्या भाड्यातून सरासरी ५७ टक्केच खर्च वसूल होतो. उरलेला भार मुख्यतः मालभाडे उचलते, आणि मालात सर्वांत मोठा वाटा कोळशाचा. कोळशाचे भाडे विजेच्या दरात उतरते आणि विजेचा दर सोलापूरच्या यंत्रमागावर. म्हणजे स्वस्त तिकिटाचा काही भाग आपलाच मागवाला वीजबिलातून भरतो. ब्रिटिश गणिती फ्रँक रॅम्झी यांनी १९२७ मध्ये मांडलेले गणित सांगते की, जो दूर जाऊ शकत नाही त्याच्यावर अधिक भार टाकला तर एकूण व्यवहार कमी मोडतो. गणित बरोबर आहे, पण ‘जो जाऊ शकत नाही’ तोच भार वाहणार हे न्याय्य आहे का, हा प्रश्न त्या गणिताच्या बाहेरचा आहे. शिवाय तो ५७ चा आकडाच कसा काढला, हे नियामकाने विचारायला हवे. एकाच रुळावरून सकाळी सिद्धेश्वर एक्सप्रेस जाते आणि तासाभराने कोळशाचा रेक जातो. रुळांची झीज, सिग्नल, स्टेशनमास्तरचा पगार यातले किती प्रवाशांच्या नावावर टाकायचे आणि किती मालाच्या, हे ठरवण्याच्या अनेक रीती आहेत आणि प्रत्येक रीतीने आकडा बदलतो. रस्त्याने या काळात रेल्वेची वाट पाहिलेली नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातल्या मालवाहतुकीचा चार-पंचमांशाहून मोठा वाटा रेल्वेकडे होता, आज तो एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. ज्यांना दुसरी वाट मिळाली ते गेले. ज्यांना मिळाली नाही ते अधिक भाडे भरत राहिले.

प्रश्न : किसान रेल्वेने आमचे डाळिंब स्वस्तात आणि वेळेत लांबच्या बाजारात गेले. हंगामात अशी गाडी चालवणे रेल्वेला बंधनकारक करता येईल का? (एक बागाईतदार, सांगोला तालुका)

उत्तर : देशातली शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी आपल्याच सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालीमारकडे निघाली, हे येथील वाचकांना आठवत असेल. त्या वेळी फळे आणि भाज्यांच्या भाड्यात ५० टक्के सवलत होती आणि ती सरकारी अनुदानातून येत होती. नियामक असता तरी तोट्याची गाडी चालवण्याचा हुकूम त्याने देणे योग्य झाले नसते. समाजाला एखादी सेवा हवी असेल, तर सरकारने तिचा करार करावा, पैसे उघडपणे मोजावेत, ते रेल्वेच्या हिशोबात स्वतंत्र दाखवावेत, आणि किती वर्षे मोजणार हे बागाईतदाराला आधी सांगावे. शीतगृह किंवा प्रतवारीची यंत्रणा उभारणारा माणूस पुढच्या पाच वर्षांचा विचार करतो. एका हंगामाच्या सवलतीवर तो पैसे घालणार नाही. आपण मागणी करताना सवलतीचा टक्का मागण्यापेक्षा मुदत मागावी, असे मी सुचवीन.

प्रश्न : मुलाला अर्थशास्त्राची आवड आहे, शिक्षण मराठी माध्यमातून झाले. या क्षेत्रात जाण्याचा मार्ग कोणता, आणि त्यात स्थिरता आहे का? (एक पालक, बाळीवेस)

उत्तर : पदव्युत्तर पदवी अर्थशास्त्रात असणे आवश्यक. सांख्यिकी आणि अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचे शास्त्र) पक्की असावी, कारण या कामात मत मांडण्यापूर्वी आकडा मांडावा लागतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाची भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा हा एक सरळ मार्ग आहे. त्यासाठी वयाची मर्यादा सर्वसाधारणपणे २१ ते ३० आहे, आणि त्या सेवेतले अधिकारी अनेक मंत्रालयांत काम करतात. स्पर्धा आयोगात अर्थशास्त्राच्या अधिकाऱ्यांची स्वतंत्र पदे आहेत, शिवाय अल्प मुदतीचे प्रशिक्षण घेता येते. महाराष्ट्र वीज नियामक आयोग, दूरसंचार नियामक, विमानतळांचे शुल्क ठरवणारे प्राधिकरण येथेही हेच शास्त्र लागते. एका क्षेत्रात भाडे ठरवायला शिकलेला माणूस दुसऱ्या क्षेत्रात उपयोगी पडतो, त्यामुळे स्थिरता आहे. स्पर्धा आयोगाच्या सदस्यपदासाठी पंधरा वर्षांचा अनुभव लागतो. पद सोडल्यावर आयोगापुढे आलेल्या पक्षकाराकडे दोन वर्षे नोकरी घेता येत नाही. ही मुदत अधिक असावी, असे मला वाटते, कारण निर्णय देणाऱ्याच्या मनात पुढच्या नोकरीची सावलीही पडू नये.

मराठी माध्यमाची भीती बाळगू नये. आदेश इंग्रजीत असतात, ते वाचण्याची सवय दीड-दोन वर्षांत होते. स्पर्धा आयोगाचे आदेश कोणालाही मोफत वाचता येतात. महिन्याला दोन वाचले आणि प्रत्येकातली ‘बाजार कोणता’ ही चर्चा स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहून काढली, तर पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक हाती लागेल.

या मुलाला आणि पहिले पत्र पाठवणाऱ्या विद्यार्थिनीला एक काम सुचवते. सोलापूरच्या मालधक्क्यावर आठ दिवस जाऊन, तेथील अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, कोणता माल उतरतो याची यादी करावी. प्रत्येक मालासमोर त्याच्या मालकाला विचारून तीन रकाने भरावेत : रेल्वेने किती पडते, ट्रकने किती पडेल, आणि रेल्वेने भाडे दहा टक्क्यांनी वाढवले तर तो काय करील. सिमेंट, खत, धान्य आणि साखर यांची उत्तरे एकमेकांपासून किती वेगळी येतात ते पाहावे. तक्ता संपादकांच्या पत्त्यावर पाठवला, तर तो तपासून दुरुस्त्यांसह पुढच्या एखाद्या अंकात छापता येईल.